पत्राखालची सही

"माझी नायिका तेरा वर्षांची शे."

नानांनी हे वाक्य दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोघे-तिघे हसले. दुसऱ्यांदा त्यांनी 'शे'वर जोर दिला, तेव्हा बैठकीतले सगळे हसले. चहाचा ट्रे घेऊन आलेली त्यांची सूनसुद्धा हसली. मी दाराशी उभी होते. बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

"शे!" नाना म्हणाले. "आणि ही बाई शाळेत मराठी शिकवते."

ते पत्र माझं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवायचं होतं. घाईत कच्चं लिहिताना 'आहे'च्या जागी घरच्या बोलीतला शब्द हातातून कागदावर उतरला होता. नुसतं सांगितलं असतं तरी मी खोडला असता. पण त्यांनी आधी चार माणसं जमवली, मग पत्र वाचलं.

मी तेव्हा धुळ्याला, देवपुरातल्या एका खासगी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवत होते. नोकरी कच्ची. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची, तोवर जीव टांगणीला. नाना निवृत्त प्राध्यापक, आणि आमच्या शाळेच्या कमिटीवर. अख्खं देवपूर त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची.

माझं गाव पांझरेच्या काठाला. आमची वस्ती गावाला लागून, पण गावात नाही. वस्तीत वाचता येणारी मी पहिली. सुरतेला कामाला गेलेल्यांची पत्रं आली की बाया माझ्याकडे यायच्या. अकरा वर्षांची असताना मी एका आईला तिचा मुलगा गेल्याचं पत्र वाचून दाखवलं. अर्ध्यावर मी थांबले. ती म्हणाली, "वाच बाई, बठ्ठं वाच." मी सगळं वाचलं.

त्यातून कादंबरी सुचली. लोकांची पत्रं वाचणारी मुलगी. वस्तीतले लोक तिला कागदवाली म्हणतात. एक दिवस सरपंच तिच्या हाती जमिनीचा खोटा कागद देतो. यात काही नाही म्हणून वाचून दाखव, म्हणजे लोक अंगठे देतील, असं सांगतो. ती सगळ्यांसमोर कागदात जे आहे तेच वाचते. माझ्या वर्गातल्या मुलींसाठी लिहिली. त्यांच्या घरासारखं घर त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हतं. तीन वर्षं लागली. चार वह्या भरल्या.

मग एका दिवाळी अंकात जाहिरात दिसली. किशोरांसाठी कादंबऱ्या हव्यात, हस्तलिखित नको, आधी एका पानाचं पत्र पाठवा. चार वह्या लिहिणारी मी त्या एका पानाला घाबरले. स्वतःबद्दल काय सांगायचं? किती सांगायचं? आम्हाला अर्ज लिहायची सवय. अर्जात आपण विनंती करतो, आपलं काही सांगत नाही.

म्हणून नानांकडे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. माझे पाय मला घेऊन गेले.

दर रविवारी दुपारी दोनला बोलवायचे. तेव्हा ते झोपलेले असायचे. उठेपर्यंत मी पायरीवर बसायची. माझ्या वह्या त्यांनी ठेवून घेतल्या होत्या. घरात काचेचं कपाट होतं, पुस्तकांनी भरलेलं. माझ्या वह्या गॅलरीत होत्या, रद्दीच्या गठ्ठ्यावर.

त्या 'शे'वाल्या पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, "माझी आई लोकांच्या शेतात कापूस वेचते." नानांनी लाल पेनाने काट मारली. म्हणाले, "याचा साहित्याशी काय संबंध?"

पुढच्या रविवारी त्यांनीच एक ओळ सांगितली. "लिही. मागास वस्तीतील एका अल्पशिक्षित स्त्रीचा हा बोबडा प्रयत्न आहे."

मी म्हटलं, "नाना, मी बी.ए., बी.एड. आहे."

"असू दे गं. प्रकाशकाला दया तर आली पाहिजे."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. त्या चांगल्या अक्षरात मी 'बोबडा' असं लिहिलं, आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. नानांचं मी एक वेळ विसरेन. ही फुंकर विसरत नाही.

तिसऱ्या रविवारी कादंबरीचा शेवट निघाला. "तेरा वर्षांची पोर सरपंचासमोर उभी राहते हे पटत नाही. एक गुरुजी घाल. समंजस. ते सरपंचाला समजावतील, मुलगी त्यांच्या पाया पडेल." पत्रात गुरुजी आले. चौथ्या वेळी "ज्येष्ठांच्या मार्गदर्शनाखाली" हे शब्द आले. दर वेळी पत्र जास्त गुळगुळीत होत गेलं आणि मी त्यातून थोडी थोडी कमी होत गेले.

सोडून का दिलं नाही? जून जवळ आला होता. एकदा पायरी उतरताना नाना मागून म्हणाले, "तुझ्या कायम होण्याचा विषय या वेळी घेतो मी कमिटीत." एवढंच म्हणाले. मला पुरलं.  रविवार आला की दोनला मी पायरीवर असायची.

एप्रिलमध्ये नाना म्हणाले, पत्र टाइप करायला दिलंय, कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे. वह्याही तिथेच आहेत. शाळा सुटल्यावर मी सहज गेले. आपलं पत्र टाइप झालेलं कसं दिसतं, बघायचं होतं. खरंच, आनंदात गेले होते.

टायपिस्ट भला माणूस. नानांच्या शाळेतली बाई म्हणून त्याने कागद माझ्या हातात दिला. "वाचून घ्या ताई. चूक असली तर सांगा, आत्ताच काढतो."

मी वाचलं. "माझ्या परिचयातील एका स्त्रीने सांगितलेल्या ओबडधोबड हकिकतीवरून मी ही किशोर कादंबरी सिद्ध केली आहे." खाली सहीची जागा. सहीखाली नानांचं पूर्ण नाव.

परत वाचलं. पान उलटून मागे पाहिलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

"चूक आहे का ताई?"

"आहे," मी म्हटलं. "वह्या द्या."

तो घाबरला. नानांना काय सांगू म्हणाला. मी म्हटलं, पहिलं पान बघा. चारही वह्यांच्या पहिल्या पानावर माझं नाव होतं. त्याने बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वह्या दिल्या.

तिथून सरळ नानांच्या घरी गेले. रविवार नव्हता. दोनची वेळही नव्हती. पायरीवर बसले नाही. आत गेले, खुर्ची ओढली आणि बसले. टाइप केलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला.

नाना चिडले नाहीत. हसले. "अगं, तुझ्या नावाने कोण छापणार? पुस्तक येणं महत्त्वाचं. आत प्रस्तावनेत तुझे आभार मानतो ना."

"माझं पत्र मी पाठवीन, नाना."

"शाळेत कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय."

"मग?"

"मग काही नाही. कादंबरी मी लिहिलीय. पत्राखाली सही माझी राहील."

  मी उठले. पाठीमागून ते म्हणाले, "माणसाने आपली पायरी ओळखावी." मी वळून बघितलं नाही.

त्या शनिवारी गावी गेले. आईला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आते नोकरी जाई का?"

"जाईल."

"जाऊ दे. तू लिखेल शे. तुनंच नाव ऱ्हाई."

मग पत्र मी पुन्हा लिहायला घेतलं. सहा वेळा लिहिलं. या वेळी खोडणारी मीच होते. पत्रातलं 'शे' मी स्वतः 'आहे' केलं, आणि कादंबरीत मुलगी घरी बोलते तिथे 'शे' तसंच ठेवलं. दया काढली. बोबडा काढला. गुरुजी काढले. शेवटी एवढंच उरलं:

"महोदय, मी बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहिली आहे. एक मुलगी वस्तीची पत्रं वाचते आणि एक दिवस खोटा कागद खरा वाचून दाखवते, त्याची ही गोष्ट आहे. घरातले संवाद आमच्या घरच्या बोलीत आहेत. मी शिक्षिका आहे. माझी आई लोकांच्या शेतात कापूस वेचते. तिला वाचता येत नाही. मी तिला ही कादंबरी वाचून दाखवली, तेव्हा तिने दोन ठिकाणी मला थांबवून चूक सांगितली. ती मी दुरुस्त केली आहे. हस्तलिखित पाठवू का?"

खाली सही. पूर्ण नाव. गावाचं नाव.

जूनमध्ये शाळेच्या शिपायाने फाटकातच सांगितलं, "बाई, यादीत तुमचं नाव नाही." तो माझ्याकडे न बघता बोलला. पुढे फैजपूरकडे एका शाळेत रजेच्या जागेवर काम मिळालं. चार महिन्यांचं. प्रकाशकाचं कार्ड फिरत फिरत तिथे आलं. "विषय बरा आहे. परंतु बोलीमुळे शहरी मुलांना आकलन होणार नाही. एखाद्या जाणकार मार्गदर्शकाकडून भाषा संस्कारित करून घेतल्यास विचार करू."

कार्ड दोनदा वाचलं. एक नाना देवपुरात होते. दुसरे पुण्यात बसलेले होते. अजून किती असतील, माहीत नाही.

रडू आलं नाही. मी दुसऱ्या प्रकाशकाचा पत्ता शोधला आणि तेच पत्र त्यांच्या नावाने उतरवून काढलं. वर फक्त तारीख बदलली.

व्याकरण चुकलं तर दाखवा, मी शिकेन. शिकतच इथपर्यंत आलेय. पण मी कोण, कुठली, कुणाची लेक, हे खोडून मला शुद्ध करायला आता कुणी यायचं नाही. हे नाही म्हणाले तर तिसऱ्यांना लिहीन. सगळे नाही म्हणाले तर वर्गात उभी राहून मुलींना पहिल्या पानापासून वाचून दाखवीन. पण पुन्हा कुणाच्या पायरीवर बसणार नाही.