चित्रातल्या मेथीवरचं पाणी

काल दाराला रंग देताना टर्पेंटाइनचा वास आला आणि माझ्या पोरीचं चित्र आठवलं. तेव्हा ती अमरावतीला चित्रकला शिकत होती. फिनलंड नावाच्या बर्फाच्या देशातला एक जुना चित्रकार तिला फार आवडायचा. तो पॅरिसला शिकला, पण चित्रं काढली आपल्याच मुलखातल्या माणसांची. तिनं मोबाईलवर त्याची एक खेड्यातली म्हातारी दाखवली, जवळ मांजर. "तशीच बस माय, भाजीची टोपली घेऊन." मी लाजत ठेवणीतलं पातळ नेसून आले. "लग्नाले चालली का? वावरातलंच नेस!" मग मी मेथीपाशी मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिवशी चित्र कॉलेजात द्यायचं होतं. दुपारी ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी मेथीवर पाणी शिंपडलं आणि सवयीनं ओला हात चित्रातल्या मेथीवरही झटकला. मी ओरडलेच, "पोरी, तुह्यं चित्र नासवलं वं मी!" ती धावत आली आणि हसतच सुटली. रंग तेलाचा होता. अळूच्या पानावर थांबावं तसं पाणी थेंब होऊन थांबलं होतं. "पुसू नको माय, मले पाहू दे," म्हणत तिनं ते थेंब चित्रातही काढले. कॉलेजच्या प्रदर्शनात मी पदर तोंडाशी धरून मागे उभी होते. एक बाई म्हणाली, "मेथी आत्ताच शिंपडलेली दिसते." माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, मीच शिंपडली." काल दाराचा रंग वाळल्यावर मी गपचूप त्याच्यावरही चार थेंब शिंपडले.