रिकाम्या पाटीला दंड

माझ्या अक्कावर, म्हणजे आतेबहिणीवर, गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अन्याय झाला. तो केला उमरग्याहून नळदुर्गकडं जाणाऱ्या महामार्गावरच्या एका चकचकीत विजेच्या पाटीनं.

अक्का उमरग्यातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स. धाराशिवला सरकारी जागेची मुलाखत होती. अकरानंतर येणाऱ्याला आत घेणार नव्हते. गाडी मी चालवत होते. आमच्याकडं लांब निघालं की समोरून येणाऱ्या गाडीला हात करायचा, पुढं कसं आहे ते विचारायचं, ही जुनी रीत. मी वेग कमी केला तशी अक्का हसली. "आता कशाला इचारतीस? सरकारनं लिवून ठिवलंय की." लोहाऱ्याकडं वळणाऱ्या फाट्याआधीच पाटी होती: पुढे वाहतूक सुरळीत. त्या फाट्यानंही धाराशिवला जाता येतं, पण आम्ही सरळ गेलो.

पुढं पहाटेपासून कंटेनर आडवा पडला होता. मागून ट्रक लागले, वळायला जागा उरली नाही. अक्का फाइल मांडीवर घेऊन दुभाजकावर बसून राहिली. धाराशिवला पोचलो तेव्हा मुलाखती उरकल्या होत्या. जागा दुसरीला गेली.

ही पाटी सरकारची आणि टोल घेणाऱ्या कंपनीची मिळून. भागीदारी म्हणे! आधी पोलिसांना विचारलं, तर ते म्हणाले, कॅमेरे कंपनीचे. मग आम्ही दोघी टोलनाक्यावर कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये गेलो. तिथला माणूस म्हणाला, पोलिसांनी कळवलंच नाही. मग 'सुरळीत' कुणी लिहिलं? तो अगदी अदबीनं म्हणाला, "माहिती आली न्हाय की ते आपोआप पडतं, ताई. पाटी रिकामी दिसली तर कंपनीला दंड बसतो."

आणि खोटी दिसली तर? त्याला करारात दंड नाही.

किळस आली मला. विटलेल्या भाजीला वरून फोडणी देऊन ताटात वाढणाऱ्याची यावी, तशी.

अक्का एवढंच म्हणाली, "पेशंटला हात न लावता म्या 'ताप न्हाय' लिवलं, तर चालंल का तुमाला?"

अक्का अजून त्याच खासगी दवाखान्यात राबते. पाटी अजून तेच सांगते.

तुम्हीही त्याच रस्त्यानं जाता. पाटीखाली हेल्पलाइनचा नंबर आहे. गाडी बाजूला घ्या, फोन लावा आणि विचारा: हे कुणी बघितलं, कधी बघितलं? उत्तर मिळालं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या, की माहिती नसेल तेव्हा पाटीनं 'माहिती नाही' असंच सांगावं आणि दंड खोट्याला बसावा. अर्जावर सही तुमची करा. आजच.