ठोंबरेमास्तरांचा न ढवळलेला डिंक

ठोंबरेमास्तरांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना भेटायला गेलो म्हणून नव्हे. त्यांच्या फॅक्टरीतल्या क्वार्टरच्या शेजारी एक मुलगी राहत होती. मी सायन्सचं दुसरं वर्ष अर्धवट टाकलं होतं आणि रोज क्वार्टरांच्या त्या लायनीत सायकलची चेन बसवत उभा राहत होतो. तिसऱ्या दिवशी मास्तर अंगणातून म्हणाले, "काहून रे भैया, तुझी चेन रोज इथंच उतरते काय? रिकामा आहेस तर आत ये, डिंक निवड."

मी आत गेलो, आणि त्याच क्षणी तिचा पैलवान भाऊ बाहेर आला. मास्तरांचे माझ्यावरचे पहिले उपकार ते.

मास्तर फॅक्टरीच्या ड्रॉइंग ऑफिसात तोफांचे नकाशे काढत. लढाईच्या वर्षांत फॅक्टरीचा भोंगा तीनही पाळ्यांना वाजू लागला आणि बाजारातून फोटोचा कागद नाहीसा झाला. गावातले फोटोवाले दुकानं बंद करून बसले. मास्तर बसले नाहीत. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर डिंक, काजळी आणि बायक्रोमेटचं पिवळं पाणी यांचा लेप द्यायचा, अंधारात वाळवायचा, वर काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा. ऊन लागतं तिथला डिंक घट्ट होतो, बाकीचा पाण्यात सुटून जातो, आणि माणूस कागदावर राहतो. मुंबईहून येणारा परदेशी डिंकही थांबला होता, तेव्हा ते मझौलीच्या बाजारातून बाभळीचा आणू लागले.

त्यांची सगळी विद्या त्या डिंकाच्या पाण्यात होती. खडे एकेक उजेडात धरून साल आणि माती काढायची. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बरणीच्या तोंडाशी टांगायचे, नुसते पाण्यात बुडतील एवढे. मग दोन दिवस हात लावायचा नाही. ढवळलं तर फेस होतो आणि चेहऱ्यावर पांढरे ठिपके पडतात. तापवलं तर डिंक कागद सोडतो. मी दर तासाला बरणीत डोकावे. मास्तर म्हणत, "बघून बघून लवकर विरघळेल काय तो? चल, काकूंना पाणी भरून दे."

कॉलेज सोडलं म्हणून वडिलांनी मला घराबाहेर काढलं तेव्हा मास्तरांच्या बायकोनं, याच काकूंनी, चार महिने मला जेवू घातलं. मास्तर अधारतालला आमच्या घरी जाऊन वडिलांना सांगून आले, "पोरगा वाया गेला नाही जी. माझ्याकडे शिकून राहिला." आल्यावर मला मात्र म्हणाले, "आता खरंच शिक. मला खोटं पाडू नको."

खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. एका साहेबांनी घरच्या लग्नाचे फोटो छापून घ्यायला ऑफिसातला कागद परस्पर मास्तरांकडे पाठवला. मास्तरांनी तो तसाच परत नेऊन दिला. "साहब, यह तोपों का काग़ज़ है, दूल्हे का नहीं." ऑफिस हसलं, साहेब हसले नाहीत, आणि मास्तरांची बढती अडली ती कायमची.

आता शेजारच्या त्या मुलीच्या फोटोबद्दल. मास्तरांच्या साठीनिमित्तच्या या अंकात हे लिहू नको, असं संपादकांनी सुचवलं होतं.

एके दिवशी तिचे वडील मास्तरांकडे आले. "मुलाकडचे फोटो मागून राहिले. तेवढा छापून द्या." मास्तरांनी तिला अंगणात बसवून फोटो काढला आणि डिंक करायला मला सांगितलं. माझ्या मनातलं त्यांना ठाऊक होतं, तरी मलाच सांगितलं. मी बरणी सरळ स्टोव्हवर ठेवली. चुकून झालं, असं तेव्हा म्हणालो होतो. आज लिहून देतो, मुद्दाम केलं. छापलेला कागद पाण्यात पालथा टाकला आणि तिचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटून तळाशी गेला.

मास्तरांनी बरणी हुंगली. ओरडले नाहीत. "हा फोटो गेलाच नसता, तर त्यांनी तिला नाकारलं असतं. मोहल्ला काय म्हणाला असता? मुलगी नापास झाली. तिला हेच पाहिजे काय तुझ्याकडून?"

मी पुन्हा डिंक भिजवला. दोन दिवस बरणीपाशी फिरकलो नाही. तो माझ्या हातचा सर्वांत स्वच्छ डिंक. एक ठिपका आला नाही. मुलाकडच्यांनी फोटो पाहूनच होकार कळवला.

तिच्या लग्नात मी पंगतीत पाणी वाढत होतो. तिचे वडील खुशीत होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला माहीत नाही, फोटो पाठवायच्या आधी पोरीनं तुझंच नाव घेतलं होतं. मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, मनाचा चांगला आहे, पण धीर नाही त्याच्यात."

हातातला जग तिथंच टाकून मी मास्तरांकडे गेलो.

"तुम्ही माझं लग्न मोडलं."

"त्यांनी विचारलं. मी खोटं सांगू?"

"कधी विचारलं?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. "तू डिंक तापवला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"आणि आदल्या दिवशी विचारलं असतं तर?"

"तर दुसरं सांगितलं असतं," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माझे कोरडे होते.

त्यानंतर मी पंधरा दिवस गेलो नाही. सोळाव्या दिवशी गेलो. त्यांनी निवडायचा डिंक पुढे सरकवला. तेव्हापासून एकही दिवस चुकवलेला नाही. मास्तरांना मी माफ केलं आहे असं मात्र कोणी समजू नये. माणसाच्या एका दिवसावरून त्याचा निकाल लावू नये, असं मला अजून वाटतं. आणि त्या दिवशी ते म्हणाले ते खरं होतं, हेही मला कळतं. दोन्ही घेऊन मी रोज त्यांच्या अंगणात बसतो.

मास्तरजी, साठी झाली, फॅक्टरी सुटली. आता तब्येत सांभाळा, काकूंचं ऐका, पुष्कळ वर्षं जगा. माझ्याबद्दल विचारायला कधी ना कधी पुन्हा कोणीतरी तुमच्या दारात येईल. तेव्हा उत्तर द्यायला तुम्हीच पाहिजेत. खोटं तर तुम्ही तेव्हाही सांगणार नाही.