हवालदारसाहेबांचा काठोकाठ ग्लास

गोंदिया जिल्ह्यात अशी एकही सरकारी पायरी नव्हती, जिची उंची आमच्या हवालदारसाहेबांना पाठ नव्हती. तहसील म्हणा, दवाखाना म्हणा, बसस्टँड म्हणा, हा माणूस डोळे मिटून सांगायचा, "पाच पायऱ्या. तिसरी खचली हाय. कठडा डाव्या हाताले, अन् तोही हालते." लोक नाणी गोळा करतात, तिकिटं गोळा करतात; यांनी पायऱ्या गोळा केल्या. बरं, बांधकाम खात्यात नोकरी वगैरे केली असती तर एक वेळ समजलं असतं. हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, राहणार गोंदियाजवळच्या मुर्रीचे, आणि डावा पाय गुडघ्याखालून गेलेला. ज्या माणसानं पायऱ्यांपासून चार हात लांब राहायचं, तोच रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या भेटीला निघायचा.

मी मूळची अमरावतीची. नव्व्याण्णव साली गोंदिया जिल्हा नवा झाला, भराभर नवी ऑफिसं उघडली, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांनी माजी सैनिकांची कागदपत्रं पाहणाऱ्या एका छोट्या ऑफिसात माझी बदली झाली. आले ती रडतच. माझा स्वभाव आधीच तिखट, त्यात ऑफिस वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रे, आणि गावात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे माझ्याशी हिंदीत बोलणार. पहिल्याच आठवड्यात हे गृहस्थ ठक ठक करत वर आले, "जय हिंद, बाई" म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत हातातली काठी माझ्या टेबलाला लावून वाकून पाहू लागले. "तीस इंच. बराबर हाय." मी म्हटलं, "टेबल सरकारी आहे, विकायचं नाहीये!" यावर ते इतके मोकळे हसले की मलाच वरमल्यासारखं झालं.

ती काठी साधी नव्हती. बांबूची, आणि तापवलेल्या खिळ्यानं तिच्यावर इंचाइंचाला खूण केलेली. ती घेऊन ते लग्नाला गेले तरी आधी स्टेजची उंची मोजत, मग नवरानवरीला आशीर्वाद देत. विहारात वंदनेला गेले की बाहेर पडताना उंबरठा मोजत. एकदा मी हौसेनं त्यांना घरी चहाला बोलावलं, तर दारातच थांबले. "नऊ इंच! बाई, तुमची सासू पडन एक दिवस." सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या आजतागायत पडलेल्या नाहीत, पण त्या दिवसापासून हवालदारसाहेबांचं नाव निघालं की त्या भांडी जोरात आपटायच्या, आणि दार ओलांडताना मात्र हळूच चौकट धरायच्या.

पाय कसा गेला हे विचारायची सोय नव्हती. सीमेवर सुरुंग फुटला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. कुणी खोदून विचारलंच तर म्हणत, "पाय तिथंच ड्यूटीवर हाय. मी रिटायर झालो, तो नाही झाला." खोट्या पायाला मात्र ते 'जवान' म्हणत आणि त्याच्याशी अगदी शिस्तीनं वागत. "आज जवान नाराज हाय बाई, दमानं चढून राहिलो." रविवारी जवानाला सुट्टी. मी एकदा रविवारी मुर्रीला त्यांच्या घरी गेले, तर जवान कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्यावर हवालदारसाहेबांची टोपी ठेवलेली. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली हा. मला हसू आवरेना. "हसू नका," ते म्हणाले, "हप्ताभर तोच काम करते, मी तं नुसता वर बसून राहतो."

आमच्या ऑफिसला बावीस पायऱ्या होत्या. तीन बाहेर, जोत्याच्या, आणि एकोणीस आत. दर नोव्हेंबरात हवालदारसाहेब त्या मोजत मोजत चढत, कारण पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. स्वतः येऊन उभं राहायचं, मी वहीत 'समक्ष हजर' लिहायचं, मग आमच्या ऑफिसच्या साहेबांची सही, मग कागद बँकेत. म्हणजे कोण जिवंत आहे आणि कोण नाही हे ठरवायला सरकारनं नेमकी माझी निवड केली होती.

आता माझ्या पापाची गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. माझ्या पहिल्याच नोव्हेंबरात एके दिवशी ऑफिसात मरणाची गर्दी होती. व्हरांड्यातून मी एक नाव पुकारलं, नवेगाव बांधच्या एका नायकाचं, म्हणजे फौजेत हवालदाराच्या खालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाचं. खालून खणखणीत आवाज आला, "हजर!" वाकून पाहिलं तर चाकाच्या खुर्चीत एक माणूस बसलेला आणि शेजारी त्याची बायको डबा धरून उभी. मी म्हटलं, "वर या, सही वरच होते." तो म्हणाला, "वर कसा येऊ, बाई? कमरेखाली जीव नाही." मी म्हटलं, "मग कुणाला तरी उचलायला सांगा." त्यानं नकारार्थी मान हलवली. आदल्या वर्षी चौघांनी त्याला धानाच्या पोत्यासारखं उचललं होतं आणि दहाव्या पायरीवर हातातून पाडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी फक्त तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि पुढचं नाव पुकारलं. चार वाजता पुन्हा वाकून पाहिलं तर तो निघून गेला होता. मी वहीत 'गैरहजर' लिहिलं. त्याचा 'हजर' माझ्या या दोन कानांनी ऐकला होता, तरी लिहिलं.

फेब्रुवारीत हवालदारसाहेब आले. वर आले नाहीत, खालूनच निरोप पाठवला की बाईंना बोलवा. मी वैतागून उतरले. फाटकाशी ते एक रिकामी चाकाची खुर्ची घेऊन उभे होते. म्हणाले, "माझा नायक मेला म्हनते बँक. पेन्शन बंद केली. अन् मी काल त्याच्या घरी जेवून आलो. मेलेला मानूस मासोळीच्या रश्श्यात तिसऱ्यांदा भात कालवून राहिला होता." मग खुर्ची माझ्यासमोर सरकवली. "बसा बाई."

"काऊन?" मी विचारलं. वैतागले की ऑफिसची भाषा सुटून माझी अमरावतीची बोली बाहेर येते.

"बसा न. अन् इथून तुमच्या टेबलापर्यंत जाऊन दाखवा. उठाचं नाही, एवढीच अट."

बसले. काय करणार, फौजी माणसाचा हुकूम. चाकं ढकलत पहिल्या पायरीपर्यंत गेले आणि थांबले. समोर ती तीन दगडी पायऱ्यांची रांग, आणि तिच्यामागे अंधारात वर गेलेला जिना. फाटकाजवळच्या चहाटपरीवरची माणसं बघायला लागली. हवालदारसाहेबांनी काठी पायरीला लावली. "आठ इंच," ते म्हणाले. एवढंच. ओरडले असते तर मी चार शब्द उलट बोलले असते, मला ते छान जमतं. पण त्यांनी काठी तशीच पायरीला लावून धरली आणि मला त्या खुर्चीतच रडू फुटलं. रागानं फुटलं की लाजेनं, तेव्हा कळलं नाही. लाजच होती ती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या साहेबांना विचारून मी वही पिशवीत घातली आणि काळीपिवळी जीपनं नवेगाव बांध गाठलं. नायकाच्या अंगणात जाळं वाळत होतं, तो खुर्चीत बसून त्याचीच फाटकी वीण सांधत होता. मी माझं लिहिलेलं खोडलं, 'समक्ष हजर' लिहिलं, खाली सही केली. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "बाई, मी तवाही हजरच होतो." त्याच्या बायकोनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. 

मला वाटलं, झालं, फिटलं. हवालदारसाहेब कुठले ऐकतात! "तुम्ही गेल्या, बहुत चांगलं केलं. पन उद्या तुमची बदली झाली तं? दुसरी बाई येईन, ते जाईन काय नवेगावले? त्याले सोताहून आलं पाह्यजे. येत्या नोव्हेंबरात तो कोनाच्या खांद्यावर येनार नाही." मग दर सोमवारी आमच्या साहेबांच्या टेबलावर एक अर्ज. अर्ज कसला, मोहिमेचा अहवाल! 'पायरी क्रमांक चार: किनार तुटलेली. पायरी क्रमांक नऊ: शेवाळ, शत्रू सावध. मागणी: टेबल खाली आणावे, फाटकापासून दारापर्यंत उतार बांधावा.' साहेब म्हणत, खाली जागा नाही, तिथं रेकॉर्ड आहे. रेकॉर्ड म्हणजे मोडक्या खुर्च्या आणि उंदरांनी अर्ध्या खाल्लेल्या सतरंज्या. पावसाळा लागेपर्यंत साहेब थकले, हवालदारसाहेब थकले नाहीत. शेवटी मंजुरी आली, आणि मी स्वतः पदर खोचून त्या सतरंज्या बाहेर फेकल्या.

उतार बांधायला एक तरुण इंजिनिअर आला. दोन फूट उंच जोतं, त्याला आठ फुटांचा उतार त्यानं चार दिवसांत बांधून टाकला आणि आपली मोटरसायकल त्यावरून भुर्रकन चढवून दाखवली. "देखो, एकदम मक्खन!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हवालदारसाहेब सरळ टपरीवर गेले, चहाचा काचेचा ग्लास काठोकाठ भरून आणला, आणि खुर्ची पुढे केली. "बसा साहेब. हा ग्लास मांड्यांत धरा अन् वर जा. चहा सांडला नाही तं रस्ता पास."

इंजिनिअर हसत हसत बसला. अर्ध्यावर त्याचं हसणं गेलं. दोन्ही हातांनी चाकं ढकलावीत तर ग्लास कलंडतो, ग्लास धरावा तर खुर्ची मागे येते. "अरे पकडो, पकडो!" म्हणेपर्यंत सगळा चहा त्याच्या पांढऱ्या पँटवर. तो पोळून उठला आणि उठल्यावर नीट उभा राहिला, तेव्हा हवालदारसाहेब शांतपणे म्हणाले, "तुम्ही उठले. माझा नायक नसता उठला." इंजिनिअर पोरगा मनाचा चांगला होता. त्याला ते पटलं. पँट झटकत त्यानं काठी मागून घेतली, आणि दोघं मिळून फाटकापर्यंत मोजत गेले. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे दोन फुटांना चोवीस. मध्ये साहेबांची स्कूटर लावायची जागा जात होती. गेली. जुना उतार फोडला, नवा लिंबाच्या झाडाला वळसा घालून आला, आणि ऑक्टोबर संपता संपता त्याचं सिमेंट वाळलं.

नोव्हेंबरात मी खाली, नव्या खोलीत, टेबलाशी बसले होते. उगाचच पेनं सरळ करत होते. फाटकाशी काळीपिवळी थांबली, टपावरून खुर्ची उतरली. बायको मागे धरायला आली तर नायकानं तिला हातानंच थांबवलं. टपरीवाल्याकडून चहा घेतला, ग्लास मांड्यांमध्ये धरला आणि एकटा निघाला. मी जागेवरूनच बघत होते. लिंबाच्या वळणावर थोडा थांबला, मग परत चाकं फिरली. दारातून आत, सरळ माझ्या टेबलापर्यंत. ग्लास माझ्यासमोर ठेवला, भरलेला. "घ्या बाई. हजर." मी 'समक्ष हजर' लिहिलं तेव्हा अक्षर इतकं वाकडं आलं की पुढं ऑडिटला विचारलं, हे कुणी लिहिलं. हवालदारसाहेब आत आलेच नाहीत. फाटकाकडे तोंड करून त्याची उंची मोजत होते. फाटक काही कुणी चढणार नव्हतं.

गंमत म्हणजे ते स्वतः त्या उतारावर कधी पाय ठेवत नसत. शेजारी तीन पायऱ्या होत्या, त्यावरूनच ठक ठक करत येत. "साहेब, एवढं भांडून बांधलात, आता वापरा की!" "तो नायकाचा हाय. मले अजून दीड पाय हाय." अशी आठ-नऊ वर्षं गेली. दर वर्षी पायऱ्या, दर वर्षी "जय हिंद, बाई", जाताना "जयभीम". माझी बदली दोनदा आली, दोन्ही वेळा मी रद्द करून घेतली. का, ते घरी कुणाला सांगितलं नाही.

मग एका नोव्हेंबरात ठक ठक आली नाही. दारात सावली पडली म्हणून मान वर केली, तर हवालदारसाहेब उताराच्या बाजूनं आले होते. सावकाश, कठडा धरत. जवान नव्हता, काखेत कुबडी होती आणि त्याच हातात चहाचा ग्लास. माझ्या टेबलापर्यंत येता येता अर्धा चहा बाहेर आला होता आणि ग्लास ठेवताना उरलेला थोडा माझ्या उघड्या वहीवर सांडला.

मी पटकन उठले. म्हटलं, "उतार नव्यानं बांधायला सांगते हं साहेब. कुठंतरी बिघडलाय."

ते खुर्चीवर टेकले आणि माझ्याकडे बघून हसले. "रस्ता बराबर हाय, बाई," ते म्हणाले. "हात हालून राहिला."

मी पदरानं वही पुसली, त्यांच्या नावापुढं 'समक्ष हजर' लिहिलं, आणि उरलेला चहा आम्ही दोघं बशीत अर्धा अर्धा करून प्यायलो. पुढच्या नोव्हेंबरात नायक एकटाच आला. त्यानं दोन ग्लास आणले होते, दोन्ही भरलेले. एक माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा टेबलाच्या त्या बाजूला, जिथं हवालदारसाहेब बसायचे. हवालदारसाहेबांच्या नावाच्या पानावरचा चहाचा डाग अजून आहे. ऑडिटवाल्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, असू द्या, तीही एक नोंद आहे.