अमेरिकन इंजिनाचा ढिला गाडा

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी हॅम्बर्गमध्ये रेल्वेची चाकं आणि रूळ यांवर प्रबंध लिहीत होतो. म्हणजे लिहायला हवा होता. माझा मुक्काम मात्र एका संग्रहालयाच्या शेडमध्ये, म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनापाशी असायचा.

"अहो, प्रबंध ते इंजिन लिहून देणार आहे का?" बायको विचारायची.

इंजिन शंभर वर्षांहून जुनं. अमेरिकेत बनलं, जहाजातून इथल्या बंदरात उतरलं, डोंगरातल्या मार्गावर राबलं. पुढे नवी इंजिनं आली तेव्हा एका वीटभट्टीवाल्याने ते घेऊन चिखल मळायच्या यंत्राला जुंपलं, म्हणून भंगारात गेलं नाही. महायुद्धातूनही वाचलं. आणि आता संग्रहालय त्याच्यावर करवत चालवणार होतं. जुनी यंत्रं उभी चिरून ठेवायची, म्हणजे शाळेतल्या मुलांना आतलं सगळं दिसतं, अशी इथली पद्धत. मला त्या पद्धतीची भयंकर चीड यायची. आजोबा समजून घ्यायला कोणी त्यांना चिरत नाही.

शेडच्या माइस्टरनी, म्हणजे मुख्य कारागिरांनी, आणि मी संग्रहालयाच्या संचालकांना गळ घातली. इंजिनाने स्वतःच्या वाफेवर आवारात एक फेरी मारून दाखवली, तर चिरायचं नाही. ते हो म्हणाले. बॉयलरची तपासणी सुरळीत पार पडली. पण आमच्या पहिल्याच चाचणीत, आवारातल्या वळणावर, पुढची चाकं रुळावरून घसरली.

कारण मला समोर दिसत होतं. इंजिनाच्या पुढच्या भागाखाली चार लहान चाकांचा वेगळा गाडा होता, मधल्या जाड खुंट्यावर फिरणारा. तो हलतो हे पाहून माइस्टरनी पितळी पट्ट्या ठोकून सगळ्या फटी बुजवल्या होत्या. काम इतकं चोख, की नखसुद्धा शिरत नव्हतं.

"माइस्टरसाहेब, तो झिजलेला नव्हता, ढिलाच बनवला होता," मी म्हणालो. "अमेरिकेतले तेव्हाचे रूळ वेडेवाकडे. गाडा डुललाच नाही तर वळेल कसा?"

"खुळखुळणारं इंजिन माझ्या शेडमधून बाहेर जाणार नाही."

"मग चिरलेलं जाईल."

माझा आवाज चढला होता. त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे. त्यांनी पाठ फिरवली. मग छिन्नी घेऊन एकेक पट्टी स्वतःच काढू लागले. चेहरा असा, की जणू स्वतःचेच दात उपटताहेत.

शनिवारी संचालक आले. पाऊस होताच. बायकोही छत्री घेऊन आली. वाफ चढली, माइस्टरनी दांडा ओढला आणि इंजिन निघालं. पुढचा गाडा भांड्यांच्या टोपलीसारखा खडखडत होता. वळण आलं. आधी गाडा अलगद वळला, मग त्याच्यामागून अख्खं इंजिन. मी कोट चिखलात टाकून नाचलो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बायकोने मला आवरलं नाही.

संचालक अभिनंदनाला पुढे झाले, पण माइस्टर थांबलेच नाहीत. आमच्या समोरून तसेच दुसऱ्या फेरीला गेले. वाफेतून त्यांचा आवाज आला, "आता याला करवत लावणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे."

संचालकांचा हात हवेतच राहिला. "हे थांबणार कधी?" त्यांनी मला विचारलं.

"पाणी संपल्यावर," मी म्हणालो.