न आलेल्या महिन्यांचं भाडं

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, आणि मी चढलो म्हणून मला लिहिता येतं असं काही नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे ती माझी जवळची माणसं आहेत आणि त्यांना हे वाचता येणार नाही. हे मला टोचतं. तरीही लिहितो, कारण व्याजाचा खरा दर कसा काढायचा हे मी वर्गात शिकलो, पण तो काय असतो हे मला एका घरात राहून कळलं. आणि ते कळल्यावर मी तीन आठवडे गप्प बसलो, हेही कुठेतरी सांगायला हवं.

सोलापुरात मी आत्याकडे राहत होतो. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. मामा मिलमध्ये कामाला. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, मागे हातभर परसू आणि त्याला एक दार. मी बी.कॉम.ला आलो तेव्हा मला वाटायचं की ते घर मामांचं आहे. तसं ते होतंही. पण त्या घरातली माणसं पाहुण्यासारखी वावरायची, आणि याचा उलगडा मला बरेच दिवस झाला नाही.

आत्या भिंतीत खिळा ठोकत नसे. कपडे दोरीवर, दोरी खिडकीच्या गजांना. एकदा मी कॅलेंडर लावायला हातोडी घेतली तर ती धावत आली. "नगं रं बाळा, ईचारावं लागतंय."

"कुणाला?"

तिने हातोडी माझ्या हातून काढून घेतली. मागच्या भिंतीपाशी एक कोपरा होता, पोत्याएवढा. तो ती रोज झाडायची, पण तिथं काही ठेवायची नाही. घरात पाय ठेवायला जागा नसताना तेवढी फरशी मोकळी. मी एकदा पुस्तकांची ट्रंक तिथं सरकवली. संध्याकाळी ती माझ्या अंथरुणाशी आणून ठेवलेली होती, आणि आत्या कसली तरी चूक झाल्यासारखी माझ्याकडे बघत नव्हती.

दर महिन्याच्या एक तारखेला, भर दुपारी, एक म्हातारा यायचा. उन्हाने गल्ली रिकामी असायची, विड्या वळणाऱ्या बायकासुद्धा आत गेलेल्या असायच्या. तो दारात उभा राहून विचारायचा, "येऊ का अक्का?" मग चपला बाहेर काढून आत यायचा. पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. बसायचा नाही, पाणी घ्यायचा नाही. दोन्ही खोल्यांतून सावकाश चालायचा, ओठ हलत असायचे. पावलं मोजत असावा. मग चारी भिंतींना एकेक तळहात लावायचा, डॉक्टर पोटाला लावतो तसा, आणि जरा थांबायचा. शेवटी आत्या मामांनी ठेवलेले पंचेचाळीस रुपये द्यायची, तो पिशवीतून पावती काढून द्यायचा आणि जायचा. आवाज इतका मऊ की त्याचं वाईट वाटून घ्यायला जागाच नसे.

एकदा आत्याने त्याला भीतभीत विचारलं, "परसात तुळस लावू का?"

"लावा की," तो म्हणाला. "पर कुंडीत लावा, अक्का. जिमिनीत नगं."

त्या संध्याकाळी मी मामांना विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, अगदी अभिमानाने. चारेक वर्षांपूर्वी मिल काही महिने बंद होती. उसने मागून झाले, घरातलं सोनं मोडून झालं. तेव्हा या म्हाताऱ्याने दोन हजार दिले. व्याज नाही. फक्त घराचं खरेदीखत त्याच्या नावाने करून द्यायचं, आणि पाच वर्षांत दोन हजार परत केले की घर परत नावावर करून मिळणार, असा दुसरा कागद. तोवर राहायचं त्याच घरात, महिना पंचेचाळीस रुपये भाड्याने.

"बिनव्याजी!" मामा म्हणाले. "मिलच्या सोसायटीत गेलो असतो तर शेकड्याला बारा लावलं असतं. आमच्या बापानं मरताना हात धरून सांगितलंय, उपाशी ऱ्हा पर डोस्क्यावर व्याज घिऊ नगंस. मी घेतलं न्हाय. भाडं काय, समदी दुनिया भरतीय."

मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. उलट म्हातारा भला वाटला.

पुढच्या वर्षी वर्गात व्याजाचं गणित आलं. आमचे सर फळ्यावर मोठी सूत्रं लिहायचे, ती मी पाठ करायचो. पण एका तासाला त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "सूत्र विसरलात तरी चालेल. देणारा त्याला काय नाव देतो तेही सोडा. तीनच गोष्टी विचारा. हातात खरोखर किती आले? हातातून किती जातात? कधी जातात? दर आपोआप बाहेर येतो."

मी वहीच्या मागच्या पानावर, केवळ उदाहरण म्हणून, मामांचं घर मांडलं. कागदावर दोन हजार होते, पण मामांनी सांगितलं होतं की स्टँप, लिहिणावळ आणि खर्चापाणी म्हणून दोनशे जागीच कापले होते. म्हणजे हातात अठराशे. जातात महिन्याला पंचेचाळीस, वर्षाला पाचशे चाळीस. अठराशेवर पाचशे चाळीस म्हणजे शंभराला तीस. तेही वर्षाअखेर नाही, दर महिन्याला, म्हणजे खरा दर तिसाच्याही पुढे. शिवाय जे दोनशे कधी मिळालेच नाहीत तेही शेवटी परत करायचे. आणि सोसायटीच्या बारामध्ये हप्त्यागणिक मुद्दल उतरतं, व्याज फक्त उरलेल्यावर पडतं. इथे साडेचार वर्षं होत आली, मुद्दल रुपयाने उतरलं नव्हतं.

मी वही मिटली. मला वाटलं, घरात इतके दिवस कुणीतरी राहत होतं आणि मी आत्ता त्याला पाहिलं.

तरी मी बोललो नाही. मामांनी मला जेवू घातलं होतं. त्यांच्यासमोर बसून, तुम्ही बापाचा शब्द मोडलात, तुम्हालाच माहीत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगतो, सांगतो म्हणत ऑगस्टचे तीन आठवडे गेले.

मग एका दुपारी मी कॉलेजातून लवकर परतलो. एक तारीख नव्हती. आत्या बाजारात गेली होती, पुढच्या दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडे होती. कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर मागच्या भिंतीच्या त्या मोकळ्या कोपऱ्यात म्हातारा बसला होता. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. मी ओरडलो की नाही आठवत नाही.

"भिऊ नगं, तम्मा," तो डोळे न उघडता, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाला. "मागल्या दाराची किल्ली माज्याकडं असतीय. कागदात लिवलंय. हिकडून जात हुतो, ऊन लई हाय. जरा बसलो."

"नेहमी बसता?"

"बसतो की कदीमदी. तुमी नसता तवा." मग तो उठला, धोतर झटकलं आणि मागच्या दाराने गेला. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला. कोपऱ्यातली फरशी मी हात लावून पाहिली. कोमट होती. म्हणजे तो बराच वेळ होता.

मी थेट पावत्यांकडे गेलो. मामांना वाचता येत नाही. ते सगळ्या पावत्या देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवायचे, हळदीकुंकू लावून. मी त्या फरशीवर ओळीने मांडल्या. एकाच बारीक, सुंदर अक्षरातल्या. त्रेपन्न पावत्या महिन्यांप्रमाणे बरोबर होत्या. पण दोन उरल्या. एक दोनशे सत्तरची, एक तीनशे पंधराची. ते पैसे मला माहीत होते. ते मामांचे दोन वर्षांचे दिवाळीचे बोनस होते. मुद्दलातले म्हणून ते म्हाताऱ्याला दिले होते, आणि आत्याने दोन दिवाळ्या जुन्या लुगड्यावर काढल्या होत्या.

पावत्यांवर मुद्दलाचं नाव नव्हतं. "आगाऊ भाडे" असं होतं, आणि पुढे महिने. मुदत येत्या मार्चअखेर संपत होती. पहिली पावती त्यानंतरच्या एप्रिल ते सप्टेंबरची. दुसरी ऑक्टोबर ते पुढच्या एप्रिलची. जे महिने अजून यायचे होते, ज्यांत घर आमचं असणार की नाही हे ठरायचं होतं, त्या तेरा महिन्यांचे आम्ही भाडेकरू होतो. सही, तिकीट, सगळं. कागदावर घर जाऊन वर्ष उलटलेलं होतं आणि आम्ही त्याच्या आत बसून भाकरी खात होतो.

एक सप्टेंबरला मिलला सुट्टी होती. मामा घरी होते. म्हातारा आला, भिंतींना हात लावून झाले. मी दोन्ही पावत्या पुढे धरल्या. मी विचारलं, "हे मुद्दलात का धरलं नाही?"

म्हाताऱ्याने पावत्यांकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "पैसं देताना त्येंनी सांगितलं न्हाय की, कशापोटी. म्या म्हनलंबी, पुरतं म्हयन्याचंच द्या, हिशेबाला सोपं. दिलं." आणि मग कौतुकाने, खरंच कौतुकाने, तो म्हणाला, "तारीक वाचलीस व्हय? लई घरं फिरतो तम्मा मी. आजवर कुणी वाचली न्हवती."

तो गेल्यावर मी मामांसमोर वही ठेवली. त्यांना आकडे वाचता येत. अठराशे हातात आले. ऑगस्टपर्यंत एकोणतीसशे सत्तर गेले. अजून दोन हजार द्यायचे आहेत, ते मार्चच्या आत, नाहीतर घर गेलं. मी म्हणालो, "मामा, हे व्याजच आहे. शेकडा तीसच्या वर. सोसायटीचं बारानं काढा, याला देऊन टाका, मग निदान हप्त्याबरोबर कर्ज उतरत तरी जाईल."

"भाडं हाय त्ये," मामा म्हणाले.

"नाव भाडं आहे."

"मंग काय म्हनायचंय तुला? पाच वरसं मी व्याज खायाला घातलं? बापाच्या शब्दाला चूड लावली?"

आत्या मध्ये पडली. "अवो, पोरगं शिकलंय, जरा ऐका तरी की."

"शिकलंय म्हून आपल्याला येडं ठरवतंय! तूबी त्याच्याच बाजूची." त्यांनी वही मिटली, फेकली नाही, माझ्या हातात दिली. "ह्या घरात व्याजाचं नाव काडायचं न्हाय. काडायचं आसंल तर दुसरं घर बघ."

मी बघितलं. फी भरायलाही पैसे नव्हते. टेंभुर्णीला एका खताच्या दुकानात बिलं लिहायचं काम मिळालं. शेवटचं वर्ष बाहेरून करायचं ठरवलं. निघताना आत्याने शेंगाचटणीची पुडी दिली आणि कुजबुजत विचारलं, "खरंच जातंय का रं घर?" आपल्याच घरात ती कुजबुजत होती. मी मान हलवली. हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

टेंभुर्णीत मी उधारीच्या बिलांवर महिना घालत असे, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की हा महिना कुणीतरी आधीच विकत घेतलेला आहे. मार्च आला. दोनदा मी सोलापूरच्या एस.टी.त बसलो आणि दोन्ही वेळा कंडक्टर यायच्या आत उतरलो. मार्च संपला. एप्रिल लागला, म्हणजे पहिल्या पावतीचा पहिला महिना. पत्र नाही. आत्याला लिहिता येत नव्हतं, आणि मामा लिहून घेणारे नव्हते. मी मनात धरूनच चाललो की घर गेलं. आणि मी तीन आठवडे गप्प बसलो नसतो, किंवा पुढे जरा नीट, जरा वाकून बोललो असतो, तर गेलं नसतं.

मेमध्ये आत्याच्या गल्लीतले एक विणकर, तेलुगू घरातले, चादरींचा गठ्ठा घेऊन टेंभुर्णीला आले. स्टँडवर त्यांनीच मला हाक मारली.

"काय रे, घराकडं येत नाहीस? मामा विचारतो तुला."

मी विचारलं, "घर?"

"कसलं घर? ते होय, ते सुटलं की! मार्चचे चार दिवस राहिले तेव्हा. सोसायटीचं कर्ज काढलं मामानं. म्हातारा रजिस्ट्रारकडं आला, दोन हजार मोजून घेतले, मागच्या दाराची किल्ली ठेवून गेला. बोनसचे काही परत दिले नाहीत. मीच साक्षीदार." त्यांनी गठ्ठा एसटीच्या टपावर द्यायला उचलला. "पण तुझा मामा एक नंबर हट्टी. लेखनिक नाव लिहायला लागला तर याने त्याचा हात धरला. म्हणाला, व्याज माझ्या डोक्यावर राहू दे, घर तिच्या नावावर कर. आत्याचा अंगठा घेतला. घर तिचं झालं."