देवरावभाऊंचा दुसरा पंप

“मॅडम, माझे काका कुठे गेले?”

रविवारी सकाळी साडेसातला मेश्रामसरांचा फोन. सर निवृत्त कृषी अधिकारी. धानातल्या तणाविषयीचं त्यांचं भाषण आम्ही नुकतंच सातच्या कार्यक्रमात लावलं होतं. मी भंडाऱ्याच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर कार्यक्रम सांभाळते. रविवारी आमच्याकडे गाणी नसतात, दिवसभर नुसतं बोलणं. सातला शेती, आठला श्रोत्यांची पत्रं, नऊला डॉक्टर, दहाला बायकांचा कार्यक्रम, मग मुलांच्या गोष्टी आणि दुपारी नाटक.

सरांच्या काकांना मीच घालवलं होतं. भाषण चौदा मिनिटांचं, जागा बाराची. अशा वेळी आम्ही एडिट करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगमधले नको ते तुकडे काढून टाकतो. खोकला, अडखळणं, पाल्हाळ. या कामात माझा हात सफाईदार आहे, असा माझा तेव्हा समज होता. सरांनी मध्येच काकांच्या शेताची गोष्ट सुरू केली होती. शनिवारी घरी जायच्या घाईत मी ती अख्खी उडवली.

“सर, वेळ कमी पडत होता,” मी हसत म्हटलं.

“अहो, पण तणनाशकाची मात्रा हेक्टरी आहे, हे मी काकांच्या गोष्टीतच सांगितलं होतं. एकराला किती, तेही तिथंच होतं.”

माझं हसू तिथंच थांबलं. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. आमच्याकडे शेतकरी एकरातच मोजतो. म्हणजे आमचं ऐकून जो एकरभर रानात तणनाशक मारेल, तो अडीचपट मारेल. तणाबरोबर नुकती रोवलेली रोपंही पिवळी पडतील. बाटलीवर मात्रा छापलेली असते, हे खरं. पण ती अक्षरं मुंगीएवढी. रेडिओवर साहेब बोलले म्हटल्यावर बाटली कोण वाचतो?

आणि दहाच मिनिटांपूर्वी एक फोन मी स्वतः घेतला होता. कारध्याच्या पलीकडच्या गावचे देवरावभाऊ, आमचे नेहमीचे श्रोते.

“मॅडम, साहेबानं लय बेस सांगतलं. दवाई घरीच हाये. आता बांधीतलं पानी काढतो अन् दहाक वाजता मारतो. एकच एकर हाये आपली.”

बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. मी ‘धन्यवाद’ म्हणून फोन ठेवला होता. कसले धन्यवाद! आता तोच नंबर लावला तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

पावणेआठला मी माइकसमोर बसून चूक सांगितली आणि खरी मात्रा दोनदा वाचली. मग आमचे केंद्रप्रमुख बोरकरसर यांच्याकडे गेले.

“निवेदन दिलं ना? उद्या शेतीच्या कार्यक्रमात परत देऊ,” ते म्हणाले.

“सर, तो माणूस दहाला फवारणार आहे. आज.”

“मग काय करायचं म्हणता?”

“प्रत्येक कार्यक्रम मध्ये थांबवून सांगायचं.”

त्यांनी क्यू शीट समोर ओढली. कुठल्या मिनिटाला काय वाजणार, याचा तो कागद. बोरकरसरांचा त्याच्यावर फार जीव. मला वाटलं, आता ओरडतील.

“चूक तुमची आहे. पण आवाज केंद्राचा गेलाय. मोडा कार्यक्रम,” ते म्हणाले.

त्या वाक्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे.

आठला दर दोन पत्रांनंतर दुरुस्ती वाचली. नऊला पाहुणे डॉक्टर आले, त्यांना सगळं सांगितलं. रक्तदाबावर बोलता बोलता ते स्वतःच थांबले आणि म्हणाले, “आता एक मात्रा धानाची ऐका.” मध्ये मी देवरावभाऊंना सात-आठ वेळा फोन लावला. बंद.

दहाला सुनंदाताई आल्या. बायकांचा कार्यक्रम त्यांचा. मी लिहून ठेवलेलं निवेदन त्यांनी वाचलं आणि बाजूला सारलं.

“मॅडम, सकाळपासून तुम्ही मानसाईले सांगून राहिल्या. मानसं बांधीत हायेत, त्याईच्याजवळ कुठचा रेडिओ? पन रोवन्याच्या बाया मोबाइल बांधावर ठेवूनच रोवतेत. मी त्याईले सांगतो.”

रोवणा म्हणजे धानाची लावणी. त्या दिवसांत सगळ्या शिवारात तीच चाललेली असते. मी इतकी वर्षं केंद्रावर काम करते, पण आपला कार्यक्रम चिखलात उभ्या बायका ऐकतात, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

ताई माइकवर बोलल्या, “बायांनो, हात नका थांबवू, पन कान द्या. बाजूच्या बांधीत कोनी तनाची दवाई मारून राहिला असन, तर त्याले हाक मारा. सकाळी रेडिओनं मात्रा चुकीची सांगतली. कारध्याच्या पलीकडं देवरावभाऊ दिसले, तर पह्यले त्याईले थांबवा.”

सव्वादहाला फोन वाजला. मी तो थेट ऑन एअर घेतला, म्हणजे बोलणं सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“बाई, मी शेवंता बोलतो. देवरावभाऊ आमच्या बाजूच्याच बांधीत हाये. पंप पाठीवर हाये. काय सांगू त्याईले?”

“उतरवा म्हना!” सुनंदाताई माइकवर ओरडल्या.

मग अख्ख्या भंडाऱ्यानं ऐकलं, “ओ देवरावभाऊ! पंप उतरवाऽऽ! रेडिओवाल्या बाई नाही म्हनून राहिल्या!”

थोड्या वेळानं शेवंताच्याच फोनवर धापा टाकत देवरावभाऊ बोलले. “एक पंप मारून झाला, मॅडम. हा दुसरा भरला होता.”

मी तिथंच, स्टुडिओच्या काचेमागे, रडले. सुनंदाताईंनी खरी मात्रा सांगितली, देवरावभाऊंकडून म्हणवून घेतली आणि कार्यक्रम पुढे सुरू केला.

पंधरा दिवसांनी मेश्रामसरांना घेऊन मी त्या बांधीवर गेले. बांधाकडची एक पट्टी पिवळी पडली होती. बाकीचं सगळं हिरवंगार. मी माफी मागितली. देवरावभाऊंनी हात झटकला.

“कायले माफी मांगता? येनारे-जानारे पुसतेत, ही पट्टी पिवळी काहून? मी सांगतो, एवढं रेडिओनं बिगडवलं. मंग बाकीची बांधी दाखवतो. अन् सांगतो, एवढी रेडिओनंच वाचवली.”

सर दुसरीकडे बघत चष्मा पुसू लागले.

तेव्हापासून आकडा, माप, मात्रा आली की मी त्याच्या आसपास काही कापत नाही. कार्यक्रम लांबलाच, तर माझी प्रस्तावना कापते. ती कुठे गेली म्हणून आजवर कोणाचाही फोन आलेला नाही.